थंडीतली काकडी आणि आमचं वाळूक



कॅनडात सहा महिने राहून काय केलंत, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. नायगारा पाहिला का, बर्फात खेळलात का, विमानात जेवण कसं होतं वगैरे. मुलगा राहतो त्या कॅल्गरीहून नायगारा म्हणजे आपल्या देवगाव फाट्याहून काश्मीरच्याही पलीकडे, हे लोकांना सांगून पटत नाही. मग मी आपलं खरं काय ते सांगतो. काकड्या लावल्या. ऐकणारा हसतो. मास्तर सातासमुद्रापलीकडे गेले आणि काकड्या लावून आले!

हसण्यासारखंच आहे म्हणा. आपल्याकडे काकडी कुणी मुद्दाम शिकून लावतं का? सेलू तालुक्यातल्या कुठल्याही शेतात श्रावणात जा. कपाशीच्या नाहीतर ज्वारीच्या ओळीत कुठेतरी वाळकाचा वेल पसरलेला असतोच. बाया पेरणीच्या वेळी मूठभर बी सोबत टाकतात आणि विसरून जातात. खत नाही, फवारणी नाही, आळं नाही. निंदायला गेलेल्या बाईच्या पायाला गार काहीतरी लागतं, वाकून पाहावं तर वाळूक. तिथेच फोडायचं, मीठ-तिखट असलं तर बरं, नसलं तरी चालतं. राखण नाही, हिशेब नाही. अशा पिकाबद्दल लेख लिहायचा म्हणजे जरा अतीच. पण वाचा, कारण शेवटी मला एक काम सांगायचं आहे.

तर कॅल्गरी. भूगोल शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे कुठेही गेलो की आधी अक्षांश आणि उंची बघतो. आपण साधारण साडेएकोणीस अंश उत्तरेला, कॅल्गरी एक्कावन्न अंशांवर. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं जास्त उंच, पश्चिमेला रॉकी पर्वत, समुद्र दूर. समुद्र दूर असला की हवामान विषम, हे आपण पाचवीला शिकवतो. ते तिथे अंगाला कळतं. हिवाळ्यात उणे तीस, आणि मे महिन्यातसुद्धा बर्फ. शेवटचं हिमतुषार पडतं ते साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि नवीन सुरू होतं सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे हिमतुषाराविना मिळणारे दिवस सरासरी एकशेपंधराच्या आसपास. वर्षाच्या तीनशेपासष्ट दिवसांतले एकशेपंधरा! त्यातच पेरायचं, वाढवायचं, तोडायचं, आणि वेल उपटून वाफा झाकून टाकायचा.

तिथले लोक व्हिक्टोरिया डे नावाच्या सुट्टीच्या आसपास, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारी, बागेला हात घालतात. आपला मृग तसा त्यांचा हा सोमवार. पण काकडीला हा सोमवारही लवकरच. मातीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली असेल तर काकडीचं बी उगवत नाही, जमिनीत कुजून जातं. आणि उगवलेल्या रोपाला रात्री दहा अंशांच्या खालची हवा फार दिवस लागली, तर रोप मरत नाही पण रुसून बसतं. पुढे हवा कितीही चांगली मिळाली तरी ते मागचं विसरत नाही.

मुलाने आधीच्या वर्षी काकडी लावली होती आणि तिला जेमतेम बोटाएवढी तीन फळं आली होती. पाकिटावर लिहिलं होतं पंचावन्न दिवस. "अण्णा, पंचावन्न म्हणून लिहितात आणि नव्वद झाले तरी काही नाही, हे फसवतात का?" असं तो म्हणत होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वनस्पतीला कॅलेंडर कळत नाही, तिला ऊब कळते. कृषी विद्यापीठाची मंडळी यालाच उष्णतेची एककं म्हणतात. हिशेब अगदी सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, सरासरी काढायची आणि त्यातून काकडीसाठी दहा अंश वजा करायचे. उरेल ती त्या दिवसाची कमाई. आपल्याकडे जुलैत कमाल बत्तीस, किमान तेवीस धरा. सरासरी साडेसत्तावीस. दहा गेले, उरले साडेसतरा. कॅल्गरीत जुलैत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, कमाल तेवीस आणि किमान दहा. सरासरी साडेसोळा. दहा गेले, उरले साडेसहा! आपल्याकडे काकडी एका दिवसात जे कमावते ते तिथे कमवायला तिला पावणेतीन दिवस लागतात. पाकीट फसवत नव्हतं. पाकिटावरचे दिवस वेगळ्या मुलखाचे होते इतकंच.

मला हा हिशेब फार ओळखीचा वाटला. आपला हंगामही तोकडाच की! त्यांचा थंडीने तोकडा, आपला पाण्याने. मी बी. ए. झालो ते वर्ष १९७२. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना सांगायला नको. तेव्हा खडी फोडायला शाळकरी पोरंही जायची, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच साली, १८ मे १९७२ ला सुरू झालं. पाऊस लांबला तर काय पेरायचं याचं कोष्टकच ते विद्यापीठ देतं. अमुक तारखेनंतर मूग-उडीद नको, आता तूर घ्या, बाजरी घ्या, सूर्यफूल घ्या. म्हणजे उशीर झाला म्हणून रडत बसायचं नाही, आणि उशीर झालाच नाही असं धरून कपाशीही लावायची नाही. हातात किती दिवस उरलेत ते मोजायचं आणि तेवढ्यात येईल असं वाण निवडायचं. शेतकऱ्याला हे शाळेत न जाता कळतं.

मग आम्ही कॅल्गरीत तेच केलं. मी गेलो एप्रिल २०२४ मध्ये. आधी वाण. दुकानात काकडीची दहा-पंधरा पाकिटं. त्यातली साठ-सत्तर दिवसांची बाजूला काढली. लोणच्याची म्हणतात ती आखूड काकडी पन्नास दिवसांत येते, ती घेतली. दुसरी 'दिवा' नावाची. नाव वाचूनच घेतली, पण गुणही निघाला. तिला परागीभवनाशिवाय फळ धरतं. थंडीत मधमाश्या बाहेर पडल्या नाहीत तरी तिचं अडत नाही.

घरून वाळकाचं बी का नेलं नाही, असं इथे आमच्या भावजयीने विचारलं होतं. परदेशात बियाणं न्यायला कागदपत्रं लागतात, ती भानगड नको म्हणून नेलं नाही. आणि दुसरंही एक कारण होतं, ते पुढे सांगतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर बर्फाचे ढीग असताना आम्ही घरात बी भिजवलं. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं, कारण तिथे ऊब असते. आपल्याकडे सोयाबीनचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतात, तीच रीत. तिसऱ्या दिवशी मोड. मग एकेक दाणा कागदी कपात. कागदीच का, तर वेलवर्गीय रोपांना मुळं हललेली खपत नाहीत. मिरची-वांग्याचं रोप उपटून लावलं तर दोन दिवस मान टाकतं आणि पुन्हा उभं राहतं. काकडीचं तसं नाही. म्हणून कपाचा तळ फाडून कपासकट जमिनीत ठेवायचं. नातू नऊ वर्षांचा. त्याने प्रत्येक कपावर पेनाने नंबर घातले आणि वहीत उंची लिहू लागला. मास्तराचा नातू!

मेच्या शेवटी रोपांना बाहेरची सवय लावली. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत दहा दिवस. रात्री पुन्हा घरात. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही त्यांना बालवाडीत सोडताय." अगदी तसंच होतं. दरम्यान घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत गादीवाफा केला. वर काळा मल्चिंग पेपर, म्हणजे माती तापेल. त्यावर तारेच्या कमानी आणि कमानींवर क्रॉप कव्हर. हे सगळं आपल्याकडे टरबूजवाले करतातच. फरक एवढाच की आपण कव्हर घालतो ते बरंचसं किडीपासून वाचायला, आणि तिथे ते पांघरूण. शिवाय भिंतीला टेकून दुधाचे रिकामे चार लिटरचे कॅन पाण्याने भरून ओळीने ठेवले. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दिवसभर ऊन प्यायलेले कॅन रात्री वाफ्याला शेक देतात. समुद्रकाठचं हवामान सम का असतं, तो धडा मी आयुष्यभर फळ्यावर शिकवला, तो तिथे दुधाच्या कॅनमध्ये भरून वापरला.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे आपल्याहून मोठी आहे, ती म्हणजे दिवस. आपला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. तिथे जूनमध्ये साडेसोळा तास सूर्य वर असतो. रात्री साडेनऊला मी उजेडात वेलांना ताणे देत असे आणि देवाजवळ दिवा कधी लावायचा ते कळत नसे.

रोपं बाहेर लावली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि ५ जूनला शहराची मोठी जलवाहिनी फुटली. १९७५ साली टाकलेली, शहराच्या शुद्ध पाण्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास पाणी वाहून नेणारी. बातम्यांत, फोनवर, सगळीकडे एकच. पाणी जपून वापरा, अंघोळी आटोपत्या घ्या, आणि बागेला नळाचं पाणी मुळीच नाही. शेजारीपाजारी हवालदिल. आमच्या घरात मात्र मला एकदम अधिकार प्राप्त झाला! पाण्याच्या टंचाईत कसं राहायचं ते मराठवाड्याच्या माणसाला कुणी शिकवायचं? मी स्वयंपाकघरात बादली ठेवली. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत. भाजी धुतलेलं बादलीत. गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवलं, पावसाचं पाणी त्यात. सूनबाई चार दिवस संकोचल्या, मग त्याच नातवाला ओरडू लागल्या, "अरे, ते पाणी सिंकमध्ये नको, आजोबांच्या बादलीत!"

यात आणखी एक फायदा झाला. तिथलं नळाचं पाणी बो नदीचं आणि एल्बो नदीचं, म्हणजे डोंगरातल्या बर्फाचं. हाताला झिणझिण्या येतात. काकडीच्या मुळांना ते अजिबात मानवत नाही. बादलीत आणि पिंपात दिवसभर राहिलेलं पाणी कोमट होतं. वेल त्यावर खुश. टंचाई संपून जुलैत निर्बंध सैल झाले तरी आम्ही बादली सोडली नाही, आणि बरंच झालं, कारण ऑगस्टच्या अखेरीस दुरुस्तीसाठी पुन्हा बंदी आलीच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली. आधी सगळी नर फुलं. नातू रोज वहीत लिहायचा, फुलं बारा, फळं शून्य. मी म्हटलं, घाई करू नकोस, आधी वऱ्हाडी येतात, मग नवरी. आठवड्याने मादी फुलं आली. फुलामागे इवलीशी काकडी असते ती मादी, एवढी खूण. लोणच्याच्या वाणाला परागीभवन लागतं आणि गार सकाळी मधमाशी दिसेना. मग सकाळी सातला आम्ही दोघं आजोबा-नातू नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायचो आणि मादी फुलात हलकेच फिरवायचो. त्याला मराठी समजतं पण बोलताना तो इंग्रजीत घसरतो. या कामात मात्र शब्दच कमी लागतात. 'हळू', 'बस', 'आता हे'. एवढ्यावर आमचं भागत होतं.

एकदा त्याने विचारलं, "आजोबा, काकडी कॅनडाची की इंडियाची?" म्हटलं, बाळा, तुझ्या आजोबांची! गंमत नाही. काकडीची रानटी बहीण आजही हिमालयाच्या पायथ्याशी सापडते, लहान आणि कडू. तिथूनच काकडी माणसाच्या हाताला लागली आणि जगभर गेली. म्हणजे ती मुळातली उबेतली. तिला थंडीत वाढवायचा खटाटोप माणसाने फार पूर्वीपासून केलाय. पहिल्या शतकात रोमचा सम्राट टायबेरियस, त्याला म्हणे हे फळ रोज लागे. प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की माळी चाकं लावलेल्या वाफ्यांत वेल लावत, उन्हात ढकलत नेत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवत. याच्यातली खरी मौज पुढेच आहे. आताचे अभ्यासक म्हणतात की रोमन लोकांची ती काकडी म्हणजे आपली काकडी नव्हेच, खरबुजाच्या जातीतलं लांबट फळ होतं. आणि आमचं वाळूक? तेही खरबुजाच्याच जातीचं! म्हणजे रोमचा सम्राट ज्याच्यासाठी एवढा आटापिटा करायचा, त्याचं भावंड आमच्या कपाशीत पायाखाली येतं.

रेल्वेचा जॉर्ज स्टीफन्सन म्हातारपणी काकडी सरळ वाढावी म्हणून काचेच्या नळ्या करवून घेत असे, हेही नातवाला सांगितलं. त्याला इंजिनापेक्षा नळी जास्त आवडली. आणि आजही अल्बर्टा प्रांतात काकडी पिकते ती मुख्यतः काचघरातच. मेडिसिन हॅटजवळ रेडक्लिफ नावाचं गाव आहे, तिथे काचघरांच्या रांगाच रांगा. दुकानात मिळते ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांब काकडी तिथली असते.

पहिली काकडी तोडली २२ जुलैला. वीतभर. सूनबाईंनी कोशिंबीर केली, दाण्याचं कूट आणि वर हिंग-मोहरीची फोडणी. पाच ऑगस्टपर्यंत अकरा झाल्या. आणि ५ ऑगस्टला संध्याकाळी गारपीट झाली. शहराच्या उत्तर आणि ईशान्य भागाला तिने झोडपलं, विमानतळाचंही नुकसान केलं. आमचं घर त्याच भागात. आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट मी पाहिली आहे, त्यामुळे तो आवाज ओळखीचा. आभाळाचा रंग पाहूनच मी आणि मुलगा जुन्या गोधड्या घेऊन वाफ्याकडे धावलो, शेजारच्या पंजाबी आजींनी आपलीही एक रजई कुंपणावरून टाकली. दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपलं. घराच्या भिंतींचे पत्रे चाळणी झाले, गाडीची काच गेली. त्या एका संध्याकाळचं विम्याचं नुकसान पुढे अडीच अब्ज डॉलरच्याही वर मोजलं गेलं. गोधड्या काढल्या तर कमानी वाकल्या होत्या, निम्मी पानं फाटली होती. शेंडे मात्र शाबूत.

मुलगा म्हणाला, "अण्णा, संपलं यंदाचं." मी म्हटलं, "पाच ऑगस्ट आहे, अजून चाळीस दिवस आहेत. मोज." फाटकी पानं एकदम काढली नाहीत, कारण तीही थोडंफार अन्न करतातच. कंपोस्टचं पाणी दिलं, कमानी सरळ केल्या. दहा दिवस वेल नुसता उभा होता, मग नवी पानं आली. सप्टेंबरच्या वीस तारखेपर्यंत रोज रात्री पांघरूण घालून आम्ही आणखी बारा काकड्या काढल्या. एकूण तेवीस. मुलाने खर्च मांडून एका काकडीची किंमत काढली आणि ती सांगितली नाही, हसला फक्त.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

सप्टेंबरच्या शेवटी वेल उपटून टाकल्यावर मुलाने विषय काढला. "अण्णा, आता परत कशाला जाता? सुपर व्हिसावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. तिकडे एकटे काय करता?" नातवाची आजी २०२२ च्या फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून मी फाट्यावरच्या घरात एकटाच आहे. तो चुकीचं काही बोलत नव्हता. त्याची काळजी मला दिसत होती. आणि मला तिथे काही कमी नव्हतं, मान होता, प्रेम होतं. पण वर्षातले एकशेपंधरा दिवस मी तिथे कामाचा माणूस होतो. उरलेले अडीचशे दिवस काचेतून बाहेर बघणारा म्हातारा झालो असतो. देवगाव फाट्याला गुडघे दुखत असले तरी मी सकाळी स्टँडपर्यंत चालत जातो, दोन माणसं 'गुरुजी' म्हणून थांबतात, संध्याकाळी सात-आठ पोरं वाचायला ओट्यावर येतात. मी त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, "तुझ्याकडचा माझा हंगाम उन्हाळ्याचा. अंगात जोर आहे तोवर तेवढ्यापुरता येईन." तो दोन दिवस फार बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण उत्तर बदलावं असं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दुकानातून अर्ध्या किमतीला मिळालेली बियाण्याची चार पाकिटं घेऊन आला. "पुढच्या वर्षीसाठी," म्हणाला. एवढंच.

आणि आता ते दुसरं कारण. वाळकाचं बी आमच्या घरात विकत आणलेलं नव्हतं. हिने माहेराहून आणलेलं, दरवर्षी एक फळ वेलावर पिकू द्यायचं, बी धुवून वाळवायचं, राखेत घोळून फडक्याच्या पुरचुंडीत ठेवायचं. शेवटची पुरचुंडी २०२१ च्या पावसाळ्यातली, तिच्या हातची. ती गेल्यावर मी ती कोनाड्यात तशीच ठेवली होती. २०२२ गेलं, २०२३ गेलं, २०२४ ला मी कॅल्गरीत. हात लावावासा वाटेना. मोकळी केली की तिची गाठ सुटणार.

पण बियाला तरी आपला जिव्हाळा कुठे कळतो? त्याचेही दिवस मोजलेले. काकडीवर्गातलं बी चार-पाच वर्षं टिकतं, चांगलं ठेवलं तर थोडं जास्त. पुढे रोज थोडं थोडं विझत जातं. एकशेपंधरा दिवस बोटावर मोजून आलेला माणूस मी. कोनाड्याकडे बघितलं की हिशेब आपोआप होऊ लागला.

२०२५ च्या जूनमध्ये गाठ सोडली. त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला होता, मग दडी मारून बसला. अडतीस दाणे निघाले. सगळे एकदम पेरायचे नाहीत, दुबार पेरणीला हाताशी असावे, ही इथली पद्धत. वीस पेरले, अठरा ठेवले. विसातले अकरा उगवले. चार वर्षांच्या बियाला हे फार झालं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पहिलं वाळूक मिळालं, ओट्यावर फोडून पोरांना दिलं. पहिली दोन फळं मात्र वेलावरच पिकू दिली, तडकून वास सुटेपर्यंत. पुढे सप्टेंबरात आभाळ फाटलं, साऱ्या मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली. आमचे वेलही सडले, आणि लोकांचं जे गेलं त्यापुढे वेलांचं काय सांगायचं. पण बी तोवर वाळून राखेत गेलं होतं.

तिकडे कॅल्गरीत त्याच उन्हाळ्यात बापलेकांनी माझ्याविना वाफा केला. साडेअकरा तासांचा फरक. त्यांच्या सकाळी सातला आमचे संध्याकाळचे साडेसहा. नातू फोन फुलासमोर धरायचा आणि विचारायचा, "आजोबा, हे मादी आहे ना?" ओट्यावरची पोरं माझ्या खांद्यावरून वाकून कॅनडातलं फूल बघायची. दादल्या-नवरीची गोष्ट त्यांनाही पाठ झाली.

काही वर्षांपूर्वी सेलू तालुक्याचा मोठा इतिहास लिहायचं माझ्या मनात होतं. त्याची टिपणं दोन पेट्यांत आहेत. आता पंचाहत्तरी जवळ आली. मी तो ग्रंथ बाजूला ठेवला आहे आणि टिपणांतलं एकेक गाव घेऊन असे छोटे लेख लिहायचं ठरवलं आहे. कमी दिवसांत येणारं वाण. पिकेल तेवढं तुमच्या ताटात.

असो. लेख लांबला. काम सांगायचं राहिलं ते असं. हिच्या वाळकाचं बी आता दोनशेहून जास्त आहे. आपल्या घरच्या मंडळींना आणि इथे नेहमी वाचणाऱ्यांना, देशातल्या देशात, पाच-पाच दाणे टपालाने पाठवीन. शेत नसलं तरी चालेल, कुंडीत एक वेल मावतो. अट एकच. आठवण म्हणून कपाटात ठेवायचं नाही. येत्या मृगात पेरायचं, एक फळ पिकू द्यायचं, आणि त्यातले पाच दाणे पुढे कुणाला तरी द्यायचे.

कळवा.